स्किमॅटिक बदलले की बोर्डाला कसे कळते? किकॅडमधील जुळवणी

एखादे इलेक्ट्रॉनिक उपकरण बनवण्यासाठी कारखान्याकडे ज्या फाइली जातात, त्या सगळ्या एकाच ठिकाणाहून निघत नाहीत. तांब्याच्या थरांचे नकाशे असलेल्या गर्बर फाइली बोर्डाच्या मांडणीतून निघतात. कोणता घटक कोणत्या जागी आणि किती अंशांत फिरवून बसवायचा, हे यंत्राला सांगणारी पोझिशन फाइलही बोर्डातूनच निघते. घटकांच्या खरेदीची यादी, म्हणजे बीओएम, मात्र बहुधा स्किमॅटिकमधून, म्हणजे सर्किटाच्या आकृतीतून, काढली जाते. समजा, स्किमॅटिकमध्ये रेझिस्टरांना नव्याने क्रमांक दिले गेले आणि तो बदल बोर्डापर्यंत पोहोचलाच नाही, तर बीओएमच्या मते आर७ हा ४.७ किलोओहमचा असेल, आणि बोर्डावर आर७ म्हणून नोंदलेल्या जागी प्रत्यक्षात १० किलोओहमचा रेझिस्टर अपेक्षित असेल. घटक बसवणारे यंत्र दोन्ही फाइली प्रमाण मानते आणि चुकीचा रेझिस्टर अगदी अचूक जागी बसवते. तयार झालेला बोर्ड दिसायला निर्दोष असतो. ही चूक नंतर शोधणे फार कठीण जाते, कारण तपासणारा माणूस पुन्हा त्याच दोन फाइलींपैकी एक समोर ठेवून तपासत असतो.

म्हणून स्किमॅटिक आणि बोर्ड यांची जुळवणी कशी राखली जाते, हे समजून घेणे प्रत्येक नवशिक्यासाठी आवश्यक आहे. या लेखात ती प्रक्रिया किकॅड या, सर्किट आणि बोर्ड आखण्याच्या मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरच्या आधारे पाहू. फ्रान्समधील ग्रनोबल येथे अध्यापन करणाऱ्या ज्याँ-पिएर शारा यांनी १९९२ मध्ये किकॅडची सुरुवात केली. २०१३ पासून सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने त्याच्या विकासाला हातभार लावला आणि २०१९ मध्ये हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आला. आपल्याकडेही त्याचा थेट संबंध येतो, कारण आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने तयार केलेल्या ईसिम या सॉफ्टवेअरमध्ये सर्किट काढण्यासाठी किकॅडच वापरले जाते आणि अभियांत्रिकीचे अनेक विद्यार्थी त्याच वाटेने किकॅडपर्यंत पोहोचतात.

दोन फाइली, दोन प्रकारची माहिती

स्किमॅटिक हे सर्किटाचे तर्कशुद्ध रूप आहे. त्यात घटकांची चिन्हे असतात आणि कोणत्या चिन्हाची कोणती पिन कोणाशी जोडलेली आहे, हे सांगणाऱ्या रेषा असतात. एकमेकींशी जोडलेल्या सगळ्या पिनांच्या गटाला नेट म्हणतात. चिन्ह कागदावर डावीकडे काढले काय किंवा उजवीकडे काढले काय, सर्किटाच्या दृष्टीने काहीच फरक पडत नाही. बोर्डाच्या फाइलीत मात्र जागेलाच महत्त्व असते. तिथे प्रत्येक घटकाचा फूटप्रिंट असतो, म्हणजे तो घटक ज्यावर डाग देऊन बसवायचा त्या तांब्याच्या पॅडांचा संच. त्या पॅडांना जोडणारे ट्रॅक, एका थरातून दुसऱ्या थरात जाणारे व्हाया आणि मोठ्या क्षेत्रावर ओतलेल्या तांब्याचे झोन हेही त्याच फाइलीत असतात.

किकॅडमध्ये या दोन्ही फाइली एकाच प्रकल्पात असल्या, तरी त्या वेगळ्या असतात आणि वेगळ्या राहतात. स्किमॅटिकमध्ये एखादी रेष पुसली, म्हणून बोर्डावरील ट्रॅक आपोआप नाहीसा होत नाही. बदल एका बाजूकडून दुसरीकडे नेण्यासाठी वापरणाऱ्याला स्वतः आज्ञा द्यावी लागते. अनेकांना ही त्रुटी वाटते, पण माझ्या मते हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. स्किमॅटिकवर काम करताना माणूस दहा गोष्टी करून पाहतो, त्यांतल्या आठ रद्द करतो आणि अधल्यामधल्या प्रत्येक अवस्थेत सर्किट अपुरे किंवा चुकीचे असू शकते. अशा प्रत्येक अवस्थेचे पडसाद काळजीपूर्वक मांडलेल्या बोर्डावर उमटू लागले, तर कित्येक तासांचे काम विस्कटेल.

नेटलिस्टच्या काळातील पद्धत

किकॅडच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये हा प्रवास एका तिसऱ्या फाइलीमार्फत होत असे. स्किमॅटिक पूर्ण झाल्यावर त्यातून नेटलिस्ट नावाची फाइल काढायची, वेगळ्या साधनात प्रत्येक चिन्हाला फूटप्रिंट नेमून द्यायचा आणि मग बोर्डाच्या संपादकात ती नेटलिस्ट वाचायची. आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील किकॅडचे जुने पाठ याच क्रमाने शिकवतात, त्यामुळे ते पाहून शिकलेल्या विद्यार्थ्याला आजच्या आवृत्तीत नेटलिस्टची पायरी सापडत नाही आणि तो गोंधळतो.

या पद्धतीतली अडचण उघड होती. नेटलिस्ट म्हणजे एका विशिष्ट क्षणी घेतलेली नोंद. स्किमॅटिक बदलले आणि नेटलिस्ट नव्याने काढायची राहिली, की बोर्ड शिळी माहिती अगदी निष्ठेने वाचत राही. २०१८ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत बोर्ड थेट स्किमॅटिकवरून अद्ययावत करण्याची आज्ञा होती. एफ८ ही कळ दाबली की दोन संपादक मधल्या फाइलीशिवाय एकमेकांशी बोलतात. नेटलिस्ट वाचण्याची जुनी सोय अजूनही आहे, पण ती प्रामुख्याने दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या सर्किटांसाठी उपयोगी पडते. एक व्यावहारिक गोष्ट इथेच सांगायला हवी. एफ८ चालण्यासाठी बोर्ड किकॅडच्या प्रकल्प-व्यवस्थापकातून उघडलेला असावा लागतो. बोर्डाच्या फाइलीवर थेट डबल क्लिक करून संपादक एकटाच उघडला, तर तो कोणत्या स्किमॅटिकशी बोलायचे हे जाणत नाही आणि आज्ञा नाकारतो.

हा फूटप्रिंट त्याच चिन्हाचा, हे ठरते कशावरून?

जुळवणीत येणाऱ्या बहुतेक अडचणी या एका प्रश्नापाशी येऊन थांबतात. बोर्डावर शंभर फूटप्रिंट आहेत आणि स्किमॅटिकमध्ये शंभर चिन्हे आहेत, तर कोणता फूटप्रिंट कोणत्या चिन्हाचा हे सॉफ्टवेअर कसे ओळखते?

पहिले स्वाभाविक उत्तर म्हणजे रेफरन्स, अर्थात आर१, सी५, यू२ अशी घटकाला दिलेली नावे. माणसांसाठी ती सोयीची असतात, पण कायमची नसतात. स्किमॅटिक नीटनेटके दिसावे म्हणून आपण रेफरन्स पुन्हा क्रमाने लावतो आणि त्या क्षणी कालचा आर५ हा आजचा आर९ होतो. ओळख फक्त नावावर बेतलेली असेल, तर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने बोर्डावरचा आर५ आता भलत्याच चिन्हाचा ठरतो.

म्हणून किकॅड प्रत्येक चिन्हाला एक अंतर्गत ओळख देते, जी वापरणाऱ्याला सहसा दिसत नाही. जुन्या आवृत्त्यांमध्ये ती आठ षोडशमान (१६ च्या पायावरील) अंकांचा टाइमस्टॅम्प असे. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून त्या जागी यूयूआयडी आला, म्हणजे ३२ षोडशमान अंकांत लिहिलेली १२८ बिटांची संख्या, जी दुसऱ्या कुठल्या चिन्हाला योगायोगाने मिळण्याची शक्यता व्यवहारात नगण्य आहे. फूटप्रिंट बोर्डावर पहिल्यांदा येतो, तेव्हा त्याच्या नोंदीत आपल्या चिन्हाचा यूयूआयडी लिहिला जातो. पुढे कोणी आर५ चे नाव बदलून आर९ केले, तरी एफ८ दाबल्यावर किकॅड यूयूआयडी पाहते, हा तोच घटक आहे हे ओळखते आणि बोर्डावरचे नाव बदलून टाकते. फूटप्रिंटची जागा, दिशा आणि त्याला जोडलेले ट्रॅक जिथल्या तिथे राहतात.

शेतजमिनीच्या व्यवहाराशी परिचय असलेल्या वाचकाला ही व्यवस्था लगेच कळेल. सातबारा उताऱ्यावर मालकी आणि पीक यांची नोंद असते, मोजणीच्या नकाशावर जमिनीचा आकार असतो, आणि खातेदाराचे नाव बदलले तरी दोन्ही कागद एकाच जमिनीविषयी बोलत आहेत हे गट क्रमांकावरून ठरते. यूयूआयडीचे काम गट क्रमांकासारखेच आहे.

प्रत्यक्षात ही ओळख एका संख्येपेक्षा थोडी अधिक असते. मोठी सर्किटे अनेक पानांवर विभागलेली असतात आणि एकच पान दोनदा वापरता येते. उदाहरणार्थ, स्टिरिओ ॲम्प्लिफायरमध्ये डाव्या आणि उजव्या चॅनेलचे सर्किट एकसारखे असते, म्हणून ते एकाच फाइलीत एकदाच काढले जाते आणि मुख्य पानावर दोन ठिकाणी जोडले जाते. त्या पानावरच्या रेझिस्टरचे चिन्ह एकच आणि त्याचा यूयूआयडीही एकच, पण बोर्डावर मात्र दोन रेझिस्टर बसवायचे असतात. हा पेच सोडवण्यासाठी फूटप्रिंटच्या नोंदीत पूर्ण मार्ग लिहिला जातो: आधी पानाचा यूयूआयडी आणि मग चिन्हाचा. उलट प्रकारही असतो. एलएम३५८ सारख्या आयसीमध्ये दोन ऑपॲम्प असतात आणि स्किमॅटिकमध्ये ते दोन स्वतंत्र चिन्हांनी, तर वीजपुरवठ्याच्या पिना तिसऱ्या भागाने दाखवल्या जातात. ही तीनही चिन्हे मिळून बोर्डावर एकच फूटप्रिंट येतो.

हा मार्ग कसा बनतो हे कळले, की दुवा केव्हा तुटतो हेही कळते. एखादे चिन्ह पुसून त्या जागी ग्रंथालयातून, म्हणजे तयार चिन्हांच्या संग्रहातून, तसेच दुसरे आणून ठेवले आणि त्याला तेच नाव दिले, तर माणसाला काहीच बदललेले दिसत नाही. किकॅडसाठी मात्र जुना घटक गेलेला असतो आणि नवा आलेला असतो. स्किमॅटिक मोठे झाले म्हणून त्याचा काही भाग वेगळ्या पानावर हलवला, तर मार्गात नव्या पानाचा यूयूआयडी येतो आणि त्या भागातील सगळ्या घटकांचा दुवा एकदम तुटतो. यानंतर एफ८ दाबले, की व्यवस्थित मांडलेले फूटप्रिंट बोर्डावर अनाथ राहतात आणि त्याच नावांच्या नव्या फूटप्रिंटांचा ढीग माउसच्या टोकाशी येऊन उभा राहतो. अनेकजण इथे घाबरतात आणि सगळी मांडणी नव्याने करायला घेतात. तशी गरज नसते.

दुवा पुन्हा जोडण्याचा पर्याय आणि त्यातला धोका

एफ८ दाबल्यावर उघडणाऱ्या खिडकीत, फूटप्रिंट आणि चिन्हे रेफरन्सच्या आधारे पुन्हा जोडण्याचा एक पर्याय असतो. एरवी तो बंद असावा. वर सांगितल्याप्रमाणे दुवे तुटले असतील आणि रेफरन्स मात्र दोन्हीकडे तेच असतील, तर हा पर्याय एकदाच निवडायचा. किकॅड यूयूआयडीकडे दुर्लक्ष करते, बोर्डावरचा आर५ आणि स्किमॅटिकमधला आर५ एकच आहेत असे मानते आणि फूटप्रिंटच्या नोंदीत नवा मार्ग लिहून ठेवते. पुढच्या वेळेपासून पुन्हा यूयूआयडीवर काम सुरू होते.

यातली अट मात्र नीट लक्षात घ्यायला हवी. हा पर्याय रेफरन्सवर पूर्ण विश्वास ठेवतो. आधी स्किमॅटिकमध्ये क्रमांक नव्याने लावले आणि बोर्डाला ते कळण्याआधीच हा पर्याय निवडून एफ८ दाबले, तर जुना आर५ नव्या आर५ ला जोडला जातो, जो प्रत्यक्षात वेगळाच घटक आहे. अशी अदलाबदल डझनभर घटकांची एकाच वेळी होते आणि मांडणीतले ट्रॅक एकमेकांशी विसंगत नेटांवर जाऊन बसतात. म्हणून एका वेळी एकच ओळख बदलावी. क्रमांक बदलायचे असतील तर यूयूआयडीच्या दुव्यावर विसंबून ते बदलावेत आणि लगेच बोर्ड अद्ययावत करावा; पाने हलवायची असतील तर क्रमांकांना हात लावू नये आणि हलवून झाल्यावर रेफरन्सच्या आधारे दुवे जोडून घ्यावेत. दोन्ही कामे एकाच बैठकीत करायची झाली, तरी मधे एक पूर्ण जुळवणी झालीच पाहिजे.

त्याच खिडकीत चिन्ह नसलेले फूटप्रिंट पुसण्याचा पर्यायही असतो. स्किमॅटिकमधून काढून टाकलेले घटक बोर्डावरून हटवण्यासाठी तो उपयोगी आहे, पण बोर्ड बसवण्यासाठी पाडलेली स्क्रूची भोके किंवा संस्थेचे बोधचिन्ह अशा, मुळातच स्किमॅटिकमध्ये नसलेल्या गोष्टीही तो उचलून नेतो. त्या वाचवायच्या तर अशा फूटप्रिंटच्या गुणधर्मांत, तो स्किमॅटिकमध्ये नाही अशी खूण करावी. स्क्रूच्या भोकांची चिन्हे स्किमॅटिकमध्येच ठेवणे मला अधिक योग्य वाटते, विशेषतः भोकाभोवतालचे तांबे जमिनीच्या, म्हणजे ग्राउंडच्या, नेटला जोडायचे असेल तेव्हा, कारण मग तो निर्णय सर्किटाच्या नोंदीतही दिसतो.

बदल लागू करण्याआधी खिडकीत त्यांची संपूर्ण यादी दिसते, आणि ती वाचण्याची सवय लावून घ्यावी. एका रेझिस्टरचे मूल्य बदलले असताना यादीत चाळीस ओळी दिसत असतील, तर थांबून कारण शोधावे. अर्थात काही वेळा लांब यादी निरुपद्रवी असते. ज्या नेटला आपण नाव दिलेले नसते, त्याला किकॅड एखाद्या घटकाच्या रेफरन्सवरून आणि पिनेवरून स्वतःच नाव देते. त्या घटकाचा रेफरन्स बदलला की नेटचे नावही बदलते आणि यादीत अनेक पॅडांची नेटे बदलल्याच्या ओळी येतात, जरी जोडणी तसूभरही बदललेली नसली तरी. महत्त्वाच्या नेटांना स्किमॅटिकमध्येच लेबल लावून ठेवले, तर हा गोंगाट कमी होतो आणि नेटच्या नावावर आधारलेले रुंदीचे व अंतराचे नियमही टिकून राहतात.

तांब्याचे काय होते?

एफ८ दाबल्यावर किकॅड घटक आणत असते, हटवत असते, पॅडांना नेटे नेमत असते. ट्रॅक पुसणे किंवा नव्याने ओढणे ते आपल्या अंगावर घेत नाही. स्किमॅटिकमध्ये दोन पिना नव्याने जोडल्या, तर बोर्डावर त्या दोन पॅडांमध्ये एक बारीक रेष दिसू लागते, म्हणजे ही जोडणी अजून बाकी आहे. दोन पिना तोडल्या, तर आधी ओढलेला ट्रॅक मात्र तिथेच राहतो आणि आता तो दोन वेगळ्या नेटांना शॉर्ट करत असतो. फूटप्रिंट बदलला, उदाहरणार्थ ०८०५ आकाराऐवजी ०६०३ घेतला, तर नवा फूटप्रिंट जुन्याच्या जागी त्याच दिशेने बसतो, पण त्याचे पॅड लहान आणि जवळ असल्याने जुने ट्रॅक त्यांच्यापर्यंत नीट पोहोचतीलच असे नाही. म्हणून प्रत्येक जुळवणीनंतर झोन पुन्हा भरायला हवेत, ज्यासाठी बी ही कळ आहे, आणि मग डीआरसी ही नियमांची तपासणी चालवायला हवी.

उलट दिशेचा मर्यादित रस्ता

बोर्डावरून स्किमॅटिककडे बदल नेण्याची आज्ञा सहाव्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. तिचा सर्वांत उपयुक्त प्रसंग म्हणजे बोर्डावरील जागेनुसार क्रमांक लावणे. मांडणी पूर्ण झाल्यावर, डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली असे क्रमांक नव्याने लावले, तर दुरुस्ती करणाऱ्याला आर३७ शोधायला संपूर्ण बोर्ड चाळावा लागत नाही. हे क्रमांक बोर्डाच्या संपादकातच लावले जातात आणि मग ते स्किमॅटिकला कळवावे लागतात. रेफरन्स, मूल्य, नेमलेला फूटप्रिंट आणि नेटची नावे एवढ्या गोष्टी या दिशेने जाऊ शकतात.

बोर्डावर ठेवलेल्या नव्या फूटप्रिंटसाठी स्किमॅटिकमध्ये चिन्ह तयार होणे किंवा बोर्डावरच्या ट्रॅकवरून स्किमॅटिकमध्ये रेष उमटणे मात्र या आज्ञेने होत नाही. सर्किट काय आहे, याचा निर्णय स्किमॅटिकमध्येच व्हायला हवा. घाईच्या वेळी बोर्डावर एक कपॅसिटर थेट टाकून देण्याचा मोह होतो, पण पुढच्या एफ८ ला तो अनाथ ठरतो, आणि बीओएममध्ये तर तो कधी आलेलाच नसतो.

ग्रंथालय हा तिसरा पक्ष

जुळवणीची चर्चा बहुधा स्किमॅटिक आणि बोर्ड या दोघांपुरती होते, पण दोघांनाही माल पुरवणारी चिन्हांची आणि फूटप्रिंटांची ग्रंथालये असतात. फूटप्रिंट बोर्डावर आला, की त्याची प्रत बोर्डाच्या फाइलीतच साठवली जाते. सहाव्या आवृत्तीपासून चिन्हांची प्रतही स्किमॅटिकच्या फाइलीत असते. यामुळे ग्रंथालय हरवले किंवा बदलले तरी जुना प्रकल्प जसाच्या तसा उघडतो, जे फार मोलाचे आहे. मात्र ग्रंथालयातल्या फूटप्रिंटचा एखादा पॅड दुरुस्त केला आणि एफ८ दाबले, म्हणून ती दुरुस्ती बोर्डावर येईलच असे गृहीत धरू नये. फूटप्रिंट ग्रंथालयावरून अद्ययावत करण्याची आज्ञा वेगळी आहे, चिन्हांसाठीची आणखी वेगळी आहे, आणि चिन्हातल्या पिना बदलल्या असतील तर आधी ती आज्ञा आणि नंतर एफ८ असा क्रम पाळावा लागतो.

जुळलेले, तरीही चुकलेले

सॉफ्टवेअर जे जुळवते, ते चिन्हाच्या पिनेचा क्रमांक आणि फूटप्रिंटच्या पॅडचा क्रमांक. दोन्हींकडचा मजकूर सारखा असला की जोडणी झाली. तो क्रमांक प्रत्यक्ष घटकाच्या त्याच पायाचा आहे का, याची सॉफ्टवेअरला कल्पना नसते.

एएमएस१११७ हा ३.३ व्होल्टचा अतिशय प्रचलित रेग्युलेटर घ्या. एसओटी-२२३ या आवरणात त्याला तीन पाय आणि एक रुंद पट्टी असते: पहिला पाय जमिनीचा, दुसरा आउटपुटचा, तिसरा इनपुटचा, आणि रुंद पट्टी आतून दुसऱ्या पायालाच जोडलेली असते. किकॅडच्या ग्रंथालयात या आवरणाचे एकापेक्षा अधिक फूटप्रिंट आहेत. एकात रुंद पॅडला २ हाच क्रमांक आहे, तर दुसऱ्यात त्याला ४ हा क्रमांक आहे. पहिला निवडला, तर दोन्ही पॅडांना आउटपुटचे नेट मिळते. दुसरा निवडला, तर चिन्हात चौथी पिनच नसल्याने रुंद पॅड कोणत्याही नेटशिवाय राहतो. ईआरसी ही सर्किटाची तपासणी काही म्हणत नाही, कारण चिन्हाच्या सगळ्या पिना जोडलेल्या आहेत. आणि नेट नसलेल्या पॅडला जोडणी अपेक्षितच नसल्याने तो जोडायचा राहिला असे डीआरसीलाही वाटत नाही. आउटपुटचे तांबे ओतले की ते या पॅडपासून अंतर राखून बाजूने निघून जाते. बोर्ड चालतो, ३.३ व्होल्टही मिळतात, पण ज्या पट्टीतून उष्णता तांब्यात पसरायची तीच एकटी पडल्याने रेग्युलेटर तापतो. स्किमॅटिक आणि बोर्ड यांची जुळवणी या उदाहरणात पूर्णपणे बरोबर होती.

ट्रान्झिस्टरमध्येही हेच घडते. टीओ-९२ आवरणात बीसी५४७ आणि २एन३९०४ दिसायला सारखे असतात, पण सपाट बाजू आपल्याकडे धरली तर डावीकडून बीसी५४७ चे पाय कलेक्टर, बेस, एमिटर असे आणि २एन३९०४ चे एमिटर, बेस, कलेक्टर असे येतात. एकाच्या चिन्हावर दुसऱ्याचे नाव टाकून काम भागवले, तर कोणतीही तपासणी ते पकडणार नाही. पिनांचे क्रमांक घटकाच्या डेटाशीटशी ताडून पाहण्याला दुसरा मार्ग नाही, आणि हे काम फूटप्रिंट पहिल्यांदा नेमतानाच करावे.

इतरांनी काढलेले मार्ग

गीडा या जुन्या मुक्त-स्रोत संचात स्किमॅटिक आणि बोर्ड ही पूर्णपणे स्वतंत्र सॉफ्टवेअरे होती आणि त्यांच्यातला निरोप्या म्हणजे आज्ञाओळीवरून चालणारे एक छोटे साधन होते. ईगल हे मुक्त-स्रोत नसले तरी अनेकांनी त्यावरच सुरुवात केली. त्यात दोन्ही खिडक्या उघड्या असताना एकीकडचा बदल दुसरीकडे तत्काळ जातो, पण एक खिडकी बंद ठेवून दुसरीत काम केले की दुवा तुटतो आणि दोन्ही फाइली हाताने सारख्या कराव्या लागतात. २०२३ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती आलेल्या लिब्रेपीसीबीने प्रश्नाच्या मुळालाच हात घातला. त्यात घटक आणि नेटे यांची एकच सामाईक नोंद असते आणि स्किमॅटिक व बोर्ड ही तिचीच दोन दर्शने असतात, त्यामुळे बदल नेण्याची आज्ञाच लागत नाही. स्किमॅटिकमध्ये घातलेला घटक बोर्डाच्या बाजूला, अजून न मांडलेल्या घटकांच्या यादीत लगेच दिसतो. ही रचना मला वैचारिकदृष्ट्या अधिक स्वच्छ वाटते. किकॅडची रचना मात्र अर्धवट प्रयोगांना बोर्डापासून दूर ठेवते, आणि मोठ्या बोर्डावर काम करताना ते स्वातंत्र्य मला अधिक गरजेचे वाटते.

जुळवणी खरोखर आहे का, हे तपासणे

किकॅडच्या डीआरसीच्या खिडकीत बोर्ड आणि स्किमॅटिक यांची समानता तपासण्याचा एक पर्याय सहाव्या आवृत्तीपासून आहे. तो निवडल्यावर स्किमॅटिकमध्ये असून बोर्डावर नसलेले फूटप्रिंट, बोर्डावर असून स्किमॅटिकमध्ये नसलेले फूटप्रिंट, एकाच नावाचे दोन फूटप्रिंट आणि नेटांची विसंगती असे सगळे वेगळ्या यादीत दाखवले जाते. स्किमॅटिकमधल्या एखाद्या चिन्हाला रेफरन्स मिळालेला नसेल, तर ही तपासणी होऊ शकत नाही, म्हणून आधी सगळ्या चिन्हांना क्रमांक दिलेले असावेत. गर्बर फाइली काढण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे, आणि ती झाल्यावर स्किमॅटिकला हात लागला तर पुन्हा झाली पाहिजे.

एका प्रकल्पावर दोघे-तिघे काम करत असतील, तर हे शिस्तीवर सोडून चालत नाही. किकॅडच्या फाइली साध्या मजकुराच्या असल्याने त्या गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांचा इतिहास राखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवता येतात, आणि प्रत्येक एफ८ च्या आधी एक कमिट, म्हणजे त्या क्षणाची नोंद, करून ठेवला तर नको असलेला बदल सहज मागे घेता येतो. मात्र एकाने स्किमॅटिक बदलून आणि दुसऱ्याने बोर्ड बदलून दोघांच्या शाखा (गिटमधील बदलांचे स्वतंत्र प्रवाह) एकत्र केल्या, तर गिटच्या दृष्टीने कसलाही संघर्ष नसतो, कारण फाइली वेगळ्या आहेत. सर्किटाच्या दृष्टीने मात्र त्या दोन वेगवेगळ्या दिवसांच्या असू शकतात. सातव्या आवृत्तीने आज्ञाओळीवरून चालणारे किकॅड-सीएलआय हे साधन आणले आणि फेब्रुवारी २०२४ च्या आठव्या आवृत्तीत त्यातून डीआरसी चालवण्याची सोय झाली, ज्यात स्किमॅटिकशी समानता तपासण्याचाही पर्याय आहे. उल्लंघन सापडले तर काम संपताना शून्याखेरीज वेगळा आकडा परत देण्यास त्याला सांगता येते, त्यामुळे सर्व्हरवर प्रत्येक नव्या कमिटनंतर ही तपासणी आपोआप चालवून विसंगत फाइली मुख्य शाखेत येण्याआधीच अडवता येतात.